मसूरला उतरलेली मुलं

पत्रिकेवर विषय छापलाय 'तरुण वयातला प्रवास आणि त्यातून मिळणारे धडे'. समोर कॉलेजची मुलं बसली आहेत, सुट्टी तोंडावर आलीय. आम्ही हिमालयातले ट्रेक, सायकलवरून कन्याकुमारी असलं काहीतरी सांगू, अशी अपेक्षा असणार. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि चांगलं सांगतात. आम्ही आज एका लहानशा प्रवासाबद्दल बोलणार आहोत. तो साताऱ्यातून निघाला आणि त्यातलं जे काही घडायचं ते मसूर स्टेशनापासून पुढे घडलं. इथून पेठ नाका, कराड करत गेलात तर दोनेक तासांत मसूर येतं. म्हणजे ही घरचीच गोष्ट आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं एक छोटं आत्मकथनपर लेखन आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. लिहिलं इंग्रजीत, १९३० च्या दशकाच्या मध्यात. त्यांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्याची पुस्तिका काढली, पुढे ते शासनाने प्रसिद्ध केलेल्या समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडात आलं. पानं मोजकीच, एका बैठकीत वाचून होतात. त्यातल्या पहिल्या प्रकरणावर आम्हाला बोलायचंय.

आधी थोडं मागं जाऊ. मराठीत प्रवासवर्णन म्हटलं की पहिलं नाव येतं गोडसे भटजींचं. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फेडायला उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, मोठी दक्षिणा मिळेल, ही आशा. मिळालं काय, तर बंडाचा वणवा, झाशीचा वेढा आणि वाटेवरची लूट. 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ साली. पुस्तक थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एक गोष्ट आपण वाचताना सहसा लक्षात घेत नाही. या माणसाला वाटेत कुणी विचारलं, 'तुम्ही कोण?', तर त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतं. दक्षिणेकडचा भिक्षुक ब्राह्मण, एवढं म्हटलं की ओसरी मिळते, शिधा मिळतो. आपण कोण हे सांगणं, हीच त्याची शिदोरी.

देशाटनाने शहाणपण येतं, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. ते पाठ करून घेणाऱ्यांनी अशी शिदोरी गृहीतच धरलेली असते.

आता साताऱ्याला येऊ. साल १९०१ च्या आसपास. भीमराव नऊ वर्षांचे, असं ते स्वतः लिहितात. आई गेलेली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार. सरकार तिथं तलाव खणत होतं, उपाशी माणसांना काम मिळावं म्हणून. मुलं साताऱ्यात आत्याजवळ. तिच्या पायांना त्रास, तिच्याच्यानं घरकाम होत नसे. मग मुलंच रांधायची, आणि पोळ्या जमेनात म्हणून भातात मटण घालून पुलाव करायची. वडिलांचं पत्र येतं, सुट्टीत इकडे या. घरात नुसता आनंद, कारण यातल्या एकानंही आगगाडी पाहिलेली नाही.

मग तयारी. नवे विलायती सदरे, चमकत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. दहा मैलांवरच्या स्टेशनापर्यंत टांगा. स्टेशनावर थोरला भाऊ लहानांच्या हातावर दोन-दोन आणे ठेवतो आणि ही मुलं पहिल्या झटक्यात लेमोनेडची एकेक बाटली मागवतात. या उधळपट्टीची लेखकाने चेष्टाही केलीय. आम्ही हे मुद्दाम सविस्तर सांगतोय. वेदनेचं लेखन म्हणून या प्रकरणाकडे बघणारे वाचक इथून भरभर पुढं जातात, त्यांना मसूर गाठायची घाई असते. लेखकाला ती घाई नाही. टोप्या आणि लेमोनेड नसते, तर पुढे काय हिरावलं गेलं ते कळलंच नसतं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला गाडी मसूरला पोचते. उतारू पांगतात. न्यायला कुणी आलेलं नाही. तासभर जातो. स्टेशनमास्तर येतो, चौकशी करतो. कपडे चांगले, बोलणं नीट, तेव्हा ही ब्राह्मणांची मुलं असणार असं त्याला वाटतं, आणि त्याला कळवळा येतो. मग तो विचारतो, तुम्ही कोण? मुलगा क्षणाचाही विचार न करता सांगून टाकतो, आम्ही महार. मास्तरचा चेहरा पालटतो. तो आत निघून जातो.

इंग्रजी मजकुरात लेखकाला इथं समजावून सांगावं लागतं की हिंदूंमध्ये असं विचारायची रीत आहे. हे लेखन परदेशी वाचकासाठी आहे, त्याला अस्पृश्यतेची कल्पना यावी म्हणून. प्रस्तावनेतच तसं म्हटलंय. त्यामुळे काही जागी ते आपल्याला जास्तीचं समजावणारं वाटतं. पण आपल्या भागात 'कुणाची रं तुम्ही पोरं?' या प्रश्नाला कुठली टीप लागते का? आम्हाला आपलं वाटतं, मूळ प्रश्न असाच काहीतरी असावा. तो मायेनंही विचारतात आणि तोलायलाही विचारतात, शब्द तेच. भाषांतर करणाऱ्यांनी इथं 'आपण कोण आहात?' असं गुळगुळीत काही केलं, तर प्रसंगातला अर्धा जीव जातो.

पुढचं थोडक्यात. स्टेशनाबाहेर भाड्याच्या बैलगाड्या पुष्कळ, पण एकही गाडीवान तयार नाही. दुप्पट भाडं देऊ म्हटलं तरी नाही. शेवटी मास्तरच तोड काढतो: मुलांनी गाडी स्वतः हाकायची, भाडं दुप्पट द्यायचं, गाडीवान बाजूने पायी चालेल. एकजण कबूल होतो. मास्तरला लेखकाने राक्षस केलेलं नाही, हे बघा. चेहरा पालटला तोही तोच, आणि मार्ग काढला तोही त्यानेच. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यात, मध्ये एकही विशेषण नाही.

गाडीवानाचंही तसंच. नदीपाशी गाडी थांबते. तो भाड्यातले काही पैसे मागून घेऊन गावात जेवायला जातो. मुलांजवळ डबा आहे, शेजारणींनी प्रेमाने करून दिलेला. पण नदी कोरडी, डबक्यात शेणामुताचा चिखल. पाण्यावाचून डबा मिटावा लागतो. गाडीवान परततो, गाडी निघते, आणि चार-पाच मैलांवर हा बाबा चक्क उडी मारून गाडीत बसतो, कासरे हातात घेतो! मुलांना नवल वाटतं, विचारायचा धीर होत नाही. लेखक इथं खुलासा करत नाही, नि आम्ही त्यांच्या जागी असतो तर हमखास केला असता. एव्हाना अंधार पडलाय, स्टेशन मागं राहिलंय, बघणारं कुणी नाही. विटाळ कशाला म्हणतात, याचं एवढं चोख वर्णन आम्ही दुसरीकडे वाचलेलं नाही.

मग टोलनाका. गाडीवान सल्ला देतो, नाकेदाराला सांगा आम्ही मुसलमान आहोत. नऊ वर्षांचा मुलगा झोपडीपाशी जातो, पाणी मागतो. नाकेदार विचारतो, कोण? मुलगा सांगतो, मुसलमान. संशय नको म्हणून उर्दूत बोलतो, ती त्याला चांगली येत होती. तरी पाणी मिळत नाही. डोंगरावर आहे, हवं तर जाऊन आणा, असं तुटक उत्तर. रात्र उपाशी जाते, भरल्या डब्याशेजारी. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मुलं वडिलांकडे पोचतात. तिथं कळतं, पत्र वेळेवर आलं होतं, पण नोकराने ते वडिलांना दिलंच नव्हतं.

हे आम्ही वर्गात वाचत होतो, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, 'सर, मग त्यांनी मास्तरलाच खोटं का नाही सांगितलं?' वर्ग हसला. आम्हाला हसू आलं नाही, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या प्रश्नात आहे. पाच-सहा वाजता 'कोण?' या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा मुलगा त्याच रात्री, त्याच प्रश्नाला, परक्या भाषेत खोटं उत्तर देतो. प्रवासाने त्याला काय शिकवलं म्हणाल, तर पहिल्यांदा हे शिकवलं. आणि तेही कामी आलं नाही.

साताऱ्याच्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं ७ नोव्हेंबर १९०० ला. वर्गात वेगळं बसणं, घरून गोणपाट नेणं, शिपाई नसेल तर पाण्याविना राहणं, हे सगळं ते आधीच भोगत होते. स्वतःच लिहितात की हे माहीत होतं, पण ते असंच असतं असं वाटत असे. मसूरनंतर ते त्यावर विचार करू लागले. घरी आणि शाळेत अन्याय रोजचा होता, म्हणून तो दिसत नव्हता. आगगाडीतून उतरल्यावर, नव्या सदऱ्यात, खिशात पैसे असताना तो दिसला. प्रवासाची ताकद म्हणतात ती ही असेल, तर आम्हाला ती मान्य आहे. पण तिचं कौतुक करायला आमची जीभ रेटत नाही.

पुढची प्रकरणंही बहुतेक प्रवासाचीच आहेत. परदेशातल्या मुक्कामाने आपण अस्पृश्य असल्याचं भानच पुसून गेलं, असं ते लिहितात. आणि मग बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्या-उतरल्या प्रश्न येतो, राहायचं कुठं? पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहतात, अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात. नंतर चाळीसगावचा टांगा, दौलताबादच्या किल्ल्यातलं टाकं. शीर्षकातला व्हिसा परदेशासाठी असतो, आणि यातलं एकही गाव परदेशात नाही.

आपल्याच जिल्ह्यातली खानापूर-आटपाडीकडची पोरं मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या दुकानावर परमुलखात जातात. त्यांना कोण काय विचारतं, ते काय सांगतात, हे कुणी नीट लिहिलेलं आमच्या वाचनात नाही. इथं समोर त्या भागातलं कुणी असेल तर त्याने लिहावं. शुद्धलेखनाची काळजी करू नये, ते आम्ही बघून देऊ.

गेल्या वर्षी काही विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही मसूर स्टेशनाला जाऊन आलो. बघण्यासारखं फार नाही, रूळ आणि ऊन. बाहेर चहाला थांबलो. चहावाल्यानं आपुलकीनं विचारपूस केली, कुठलं गाव, काय शिकता. मग एकेकाला नाव विचारलं, आणि नावानंतर आडनाव. मागच्या बाकावरचा तो मुलगा सोबत होता. त्यानं नुसतं नाव सांगितलं आणि ग्लास परत द्यायला उठला.

बरं, वेळ झालाय. कुणाला काही विचारायचं असेल तर माईक मागच्या रांगेत पाठवा.