‘योगसंग्राम’ : ऐक्याचा दाखला की आत्मपरीक्षण?

श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी १६४५ मध्ये ‘योगसंग्राम’ लिहिला. हिंदू-मुस्लिम ऐक्याचा दाखला म्हणून आपण भाषणात त्यांचे नाव घेतो. ग्रंथ मात्र उघडत नाही. अठरा प्रसंगांच्या या ओवीबद्ध रचनेतील युद्ध परधर्मीयांशी नाही, स्वतःच्या अहंकाराशी आहे. सूफी ज्याला नफ्सशी झुंज म्हणतात, तीच येथे काम-क्रोधाशी लढाई होते. हा मेळ शब्दांचा नाही, नीतीचा आहे. परिभाषा जड आहे, ही ग्रंथाची मर्यादा. तरी कवीचे स्थान समाधी की दर्गा, असा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी तो वाचावा. मसोलीतल्या आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांनाही हा कवी मराठीतूनच भेटायला हवा. दुसऱ्याशी संवाद करण्याआधी स्वतःचा हिशेब मांडावा, हे तो शिकवतो.