सागराची साक्ष

शास्त्रज्ञांनी जे शोधून काढले ते सामान्य जनांस कळावे आणि राज्यकर्त्यांच्या गळी उतरावे, ही अपेक्षा रास्तच होय. ती पुरी करण्याचे दोनच मार्ग आपल्या परिचयाचे आहेत: एक अहवालाचा, दुसरा बालबोध पुस्तिकेचा. पहिला फारसे कोणी वाचीत नाही. दुसरा वाचून कोणाचे मत बदलत नाही. या दोहोंहून निराळा मार्ग अमेरिकन लेखिका रेचेल कार्सन यांच्या १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सी अराउंड अस’ या ग्रंथात दिसतो. सात दशके उलटून गेल्यावरही त्याचा परामर्श घ्यावासा वाटतो, तो याच कारणास्तव.

कार्सनबाईंचे शिक्षण प्राणिशास्त्राचे. सरकारी मत्स्य खात्यासाठी त्यांनी आरंभी नभोवाणीच्या छोट्या संहिता लिहिल्या. त्याच खात्याच्या पुस्तिकेसाठी लिहिलेला त्यांचा एक निबंध वरिष्ठांना सरकारी कामासाठी फारच वाङ्मयीन वाटला. तो १९३७ साली ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात छापून आला. दप्तराला जे नकोसे झाले तेच लोकांना हवे होते, हे पुढे दिसून आले. प्रस्तुत ग्रंथ ८६ आठवडे सर्वाधिक खपाच्या यादीत राहिला आणि १९५२ मध्ये त्यास ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ मिळाले.

या यशाचे मर्म केवळ भाषेच्या लालित्यात नाही. सूक्ष्म जीवांचे अवशेष युगानुयुगे खोल पाण्यातून खाली उतरत सागराचा तळ घडवितात, ही क्रिया लेखिकेने संथ हिमवर्षावाच्या रूपाने वर्णिली आहे. ज्याने आयुष्यात हिम पाहिले नाही अशा आपल्या किनाऱ्यावरील वाचकासही त्या कालमानाची जाणीव होते. किनाऱ्यावर फुटणारी लाट हजारो मैलांवरच्या वादळात जन्मलेली असू शकते, हे वाचल्यावर परिचित वेळेकडे पाहण्याची दृष्टीच पालटते. येथे लेखिका कोठेही वकिली करीत नाही. चांगला साक्षीदार जे पाहिले तेवढेच क्रमाने सांगतो आणि निष्कर्ष न्यायाधीशावर सोपवितो. तीच ही रीत आहे.

ग्रंथात दोष नाहीत असे नव्हे. पॅसिफिक महासागराच्या जागेवरून चंद्र तुटून निघाला असावा, या तर्काला दिलेले महत्त्व आता टिकण्याजोगे नाही. भूपट्टांचा सिद्धांत तर ग्रंथानंतरच्या दशकांत प्रस्थापित झाला. शास्त्र पुढे गेले की अशी पाने जुनी होणारच. याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. मनुष्याने भूमी उजाड केली, परंतु सागर त्याच्या सत्तेपलीकडचा आहे, असा दिलासा ग्रंथाच्या मूळ आवृत्तीत मिळतो. एवढी अभ्यासू लेखिकाही सागराच्या विशालतेने निश्चिंत झाली होती.

१९६१ च्या सुधारित आवृत्तीस जोडलेल्या प्रस्तावनेत हा दिलासा त्यांनी स्वतःच मागे घेतला. काँक्रीटचे अस्तर दिलेल्या पिंपांतून किरणोत्सर्गी कचरा समुद्रात टाकला जात होता. सूक्ष्म जीव ती द्रव्ये आपल्या शरीरात साठवितात, रोज खालीवर प्रवास करितात आणि त्यांना खाणाऱ्या माशांच्या द्वारे विष दूरवर जाते, हे त्यांनी दाखवून दिले. परिणाम ठाऊक होण्याआधीच कचरा टाकणे, हा त्यांचा मुख्य आरोप होता. समुद्रमंथनात रत्नांबरोबर हलाहलही निघाले, ही कथा आपणांस ठाऊक आहे. येथे मनुष्यच सागरात हलाहल ओतीत होता आणि ते प्राशन करावयास कोणी नीलकंठ उभा नव्हता.

माझ्या मते ही प्रस्तावना ग्रंथाच्या आरंभी न येता उपसंहार म्हणून यावयास हवी होती. प्रवाह, भरती-ओहोटी व सूक्ष्म जीवांची प्रकरणे ज्याने वाचली आहेत त्यालाच त्या आरोपाचे पूर्ण वजन कळते. आधी पुरावा आणि मग युक्तिवाद, हा क्रम येथे उलटला आहे. तरीही दोन्ही एकाच ग्रंथात आहेत, हे महत्त्वाचे. कायदा मात्र सावकाश चालला. तीव्र किरणोत्सर्गी कचरा समुद्रात टाकण्यास आंतरराष्ट्रीय करारान्वये बंदी झाली ती १९७२ साली. सर्व प्रकारच्या किरणोत्सर्गी कचऱ्यास ती लागू करण्याचा निर्णय १९९३ पर्यंत झाला नाही.

हे सारे आपल्याही दारचे आहे. गोव्यात दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. समुद्राचे ज्ञान आपल्या उंबरठ्यावर निर्माण होते. पर्यावरणविषयक २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने जनसुनावणीसाठी प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देण्याचे बंधन घातले. सारांशाचा, संपूर्ण अहवालाचा नव्हे. ज्या कोळ्याचे जाळे त्या पाण्यात पडते, त्याने केवळ सारांशावर आपली हरकत कशी सिद्ध करावी? नारळी पौर्णिमेस समुद्राला श्रीफळ अर्पण करणाऱ्या समाजास त्याची महती नव्याने शिकवावी लागत नाही. उणीव आहे ती मराठी-कोंकणीत निर्भीडपणे साक्ष देणाऱ्या, आणि नवा पुरावा हाती येताच आपलेच जुने विधान मागे घेणाऱ्या लेखकांची. समुद्रशास्त्राच्या आपल्या अभ्यासकांनी या ग्रंथापासून एवढे जरी घेतले, तरी पुढची सुनावणी निराळी होईल.