विनोदाचा पुरस्कार आणि आंजीचा वाचक

महाराष्ट्र शासनाच्या राज्य वाङ्मय पुरस्कारांत विनोदी ग्रंथासाठीच्या पुरस्कारास श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे नाव दिलेले आहे. ही निवड यथार्थच होय. १८७१ साली नागपुरास जन्मलेल्या आणि वऱ्हाडात वकिली केलेल्या या लेखकाने ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून विनोदी लेखास स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि त्यांचा विनोद कोटी, अतिशयोक्ती व तर्काची उलटापालट यांवर उभा आहे. सुदामा आणि बंडूनाना वऱ्हाडात बोलत नाहीत. ते ग्रंथांत बोलतात.

कोल्हटकरांनंतर विनोदी लेखनात बोलीचा वापर वाढला आणि परीक्षकाची अडचणही वाढली. वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. वऱ्हाडी आणि नागपुरी यांच्या सीमाप्रदेशातील या भागात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘पाणी’चे ‘पानी’ होते, आणि ‘तो जात आहे’ याऐवजी ‘तो जाऊन राहिला’ असे म्हटले जाते. ही रूपे पुण्याच्या वाचकास हसवितात. आंजीच्या वाचकास त्यांत हसण्याजोगे काहीच आढळत नाही. तेव्हा ज्या उताऱ्याचा विनोद केवळ ‘डोया’ या उच्चारावर आधारलेला आहे, तो विनोद लेखकाचा नव्हे. तो वाचकाच्या प्रमाणभाषाभिमानाचा आहे. अशा पुस्तकास दिलेला पुरस्कार अभावितपणे त्या अभिमानासच दिला जातो.

याच्या उलट उदाहरण पु. ल. देशपांडे यांचे. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला; तेथे विनोदासाठी निराळा वर्ग नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यातील अंतू बर्व्याची वाणी रत्नागिरीची आहे, पण ती हास्याचा विषय होत नाही. ती त्याचे शस्त्र आहे. तिने तो इतरांस व स्वतःच्या दारिद्र्यासही टोचतो. त्याचे बोलणे प्रमाणभाषेत उतरविल्यास धार बोथट होईल, परंतु विनोद समूळ नाहीसा होणार नाही. ‘डोया’वर हसविणारा उतारा मात्र प्रमाणभाषेत आणताच रिकामा होतो.

परीक्षकांनी हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नसावी. त्याने बोलीतील पुस्तके बाद होतील अशी भीती निराधार आहे. जे बाद होईल ते बहुधा बोली न जाणणाऱ्याने, कानांऐवजी शुद्धलेखनाच्या नियमांवरून लिहिलेले असेल.