बंगल्यामागची बखर

एडवर्ड हॅमिल्टन एटकिन ह्यांनीं ‘एहा’ ह्या टोपणनांवानें लिहिलेलें ‘बिहाइंड द बंगलो’ हें १८८९ सालचें छोटेखानी इंग्रजी पुस्तक संशोधकांच्या फडताळांत सहसा आढळत नाहीं. विनोदी पुस्तकास साधनग्रंथाचा मान कोण देणार? आमच्या मतें तो दिला पाहिजे, मात्र पारखून.

ग्रंथकार १८५१ सालीं साताऱ्यास जन्मले व पुढें मुंबई इलाख्याच्या मीठ-जकात खात्यांत नोकरीस होते. बटलर, आया, घोडेवाला, धोबी, माळी, भिस्ती अशा बंगल्यांतील चाकरांवर त्यांनीं एकेक प्रकरण लिहिलें आहे. साहेबास देशभाषा शिकविणारा पंडितही त्यांतून सुटला नाहीं! आम्हीं स्वतः जन्मभर पंतोजीपणा केला असल्यामुळें तें प्रकरण वाचतांना आमचे कान किंचित् लाल झाले, हें कबूल करितों; तरी हंसूंही आलें.

ग्रंथाचा गुण निरीक्षणांत आहे. दोष पाहणाराच्या जागेंत. सर्व कांहीं व्हरांड्यांतील आरामखुर्चीवरून पाहिलेलें. एकेका कामास निराळा माणूस, ही रीत बंगलेवाल्यांस मोठी हास्यास्पद वाटे. परंतु ज्यांनीं मराठी राजवाड्यांतील अठरा कारखान्यांची व्यवस्था अभ्यासिली आहे, त्यांस ही वांटणी ओळखीचीच वाटेल. शब्दांचेंही तसेंच. मोगल दरबारीं ‘खानसामान’ हा थोर अधिकारी. बंगल्यांत तो खानसामा होऊन चुलीपाशीं आला. मशालजी मशाल सोडून साहेबाचे दिवे पुसूं लागला. पदांची ही घसरण म्हणजेच राज्यक्रांतीचा एक इतिहास होय.

आमच्या नागपुरासही हें लागू आहे. सीताबर्डीची लढाई १८१७ सालीं झाली. भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें. १८६१ सालीं नागपूर मध्यप्रांताची राजधानी झालें. सिव्हिल लाइन्समध्यें साहेबांचे बंगले झाले, तशा त्यांच्यामागें चाकरांच्या खोल्याही झाल्या. लढाईचे कागद आम्हीं जपले. त्या खोल्यांतील कागदांची चौकशी फारशी केली नाहीं. बदली होऊन जातांना साहेब नोकरास शिफारशीची चिठ्ठी देई, आणि तिच्यावर त्याची पुढची भाकर अवलंबून असे. १९४७ सालीं इंग्रजी राज्य गेलें, तशी त्या चिठ्ठीची किंमतही गेली.

आमचे संग्राहक मित्र सनदेच्या एका तुकड्यासाठीं कोस न् कोस हिंडतात. त्यांस विनंति इतकीच कीं, एखाद्या खानसाम्याच्या नातवाच्या पेटींत अशी चिठ्ठी आढळल्यास ती रद्दी समजूं नये. एटकिनसाहेबांनीं बंगल्याच्या पुढून मागें डोकावून पाहिलें. मागून पुढें पाहणारी बखर आम्हांस हवी आहे.