बालहित आणि निकालपत्र

सर्वोच्च न्यायालयाचे १७ ऑक्टोबर २०२३ चे सुप्रियो निकालपत्र विद्वत्तापूर्ण खरे. पण त्यातील दत्तकविषयक भागाने आमचे समाधान झाले नाही. समलिंगी जोडप्याला मिळून मूल दत्तक घेता येत नाही. दोघांपैकी एकाने एकट्याने घ्यावे. म्हणजे मूल त्याच घरी वाढायचे, दुसऱ्या पालकाशी मात्र त्याचे कायद्याने नाते नाही! तीन विरुद्ध दोन मतांनी हा नियम टिकला. विवाहामुळे मुलाला कायद्याचे संरक्षण मिळते, असे बहुमताचे म्हणणे. पण विवाह नाकारतो तोही कायदाच. विवाहित स्त्रीपुरुषच मुलाला स्थैर्य देतात यास सरकारने आधार दिला नाही, हे अल्पमतातील सरन्यायाधीश चंद्रचूड यांचे म्हणणे आम्हांस बिनतोड वाटते.

नेदरलँड्समधील २०२० च्या अभ्यासात अशा पालकांकडे जन्मापासून वाढलेली मुले शाळेत इतरांहून सरस ठरली. अर्थात ते पालक बरेचसे सुस्थितीतले होते. आम्ही राहतो त्या मैलापुरात रामकृष्ण विद्यार्थिगृह १९०५ पासून गरीब, अनाथ मुलांना वाढवीत आले आहे. तेथे दांपत्य आहे काय, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने विवाहावाचूनही समलिंगी व्यक्तींचे कुटुंब होऊ शकते असे म्हटले. दत्तकाचा नियम त्याने हलला नाही.