सस्पेन्स खात्यातला क्वार्टरबॅक

अमेरिकेला गेलेला माणूस नायगरा पाहून येतो. मी भाच्याच्या घरातला टीव्ही पाहून आलो. 2024 च्या ऑगस्टात साठवलेली रजा खर्चून ओहायोतल्या कोलंबसला गेलो, आणि पहिल्याच रात्री बंड्याने माझ्या हातात दोन शिंगांचं एक यंत्र ठेवलं.

"मामा, हा 'कॉलेज फुटबॉल 25'. ह्याच्यासाठी लोक 11 वर्षं थांबले होते."

"बाबा रे," मी म्हटलं, "आमच्याकडे प्रमोशनसाठी थांबतात."

आधी एक खुलासा. अमेरिकन फुटबॉलमध्ये लाथेला काम कमी. चेंडू काखेत मारून पळायचं, नाहीतर लांब फेकायचा आणि चार खेपांत दहा यार्ड पुढे सरकायचं. काम झालं नाही तर चेंडू समोरच्याला. सरकारी कचेरीतून दाखला काढलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच, की तिथे खेपा चारच असतात.

कॉलेजच्या ह्या खेळाचं तिथे केवढं वेड! कोलंबसच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणूस बसतो. शेजारच्या मिशिगनशी सामना असला की त्या आठवड्यात कॉलेजच्या आवारातल्या पाट्यांवरच्या 'एम' अक्षरावर तांबडी फुली मारतात. भाऊबंदकी आपल्याकडेही आहे, पण आपण अजून मुळाक्षरांना हात घातलेला नाही.

हे वेड पडद्यावर आणण्यात हा खेळ जिंकला आहे. 134 कॉलेजं, प्रत्येकाचं मैदान वेगळं, बँड वेगळा. प्रतिपक्षाच्या गावी खेळायला गेलात की प्रेक्षकांच्या गोंगाटाने पडदा थरथरतो आणि कोणी कुठे धावायचं ते दाखवणाऱ्या रेषा गांडुळासारख्या वळवळतात. नवखा खेळाडू जास्त गांगरतो, मुरलेला कमी. मार्चअखेरीला काउंटरवर गर्दी उसळली की आमच्या नव्या कारकुनाला आकडे असेच दिसतात. हे ज्याला सुचलं, तो कधीतरी काउंटरवर बसलेला असणार.

दुसरी गंमत बदल्यांची. आमच्याकडे बदलीच्या धाकाने माणूस गप्प बसतो. इथे मनासारखं झालं नाही तर खेळाडूच दुसऱ्या कॉलेजात जाण्याचा धाक घालतो आणि प्रशिक्षक त्याची मनधरणी करत बसतो. हा प्रकार मी दोन तास डोळे भरून पाहिला.

उणं म्हणाल तर एकच खेळाडू होऊन कारकीर्द करण्याचा जो भाग आहे, तो फिका. आठवड्याची शक्ती अभ्यास, पुढारीपण, तब्येत, सराव आणि स्वतःची जाहिरात ह्यांत वाटायची. थोड्याच वेळात ते घरखर्चाच्या वहीसारखं वाटू लागतं. रजेवर असताना मी तरी तसलं काही करत नाही.

पण ही 11 वर्षं गेली कुठे? बंड्याने हिशेब सांगितला आणि माझ्यातला बी.कॉम. जागा झाला.

ह्याच कंपनीचा जुना खेळ होता, त्याचा शेवटचा भाग 2013 मध्ये आला. त्यात खेळाडूचा नंबर खरा, उंची, वजन, राज्य खरं. नाव मात्र नाही! कारण कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा तेव्हाचा नियम असा होता, की खेळाडू हौशी आहेत. त्यांना शिष्यवृत्ती द्यावी, पैसे देऊ नयेत. प्रशिक्षकांना हौस परवडत नसावी, ते लाखो डॉलर घेत. नाव छापलं तर पैसे मागायला माणूस उभा राहील, म्हणून जवळपास सगळं छापलं आणि नाव गाळलं. मग चाहतेच रात्र रात्र जागून हजारो नावं भरत आणि एकमेकांना वाटत. बिनपगारी कारकून!

बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात पडते. इथे रक्कमही होती आणि धनीही समोर धावत होता. त्याच्याकडे पाहायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

2009 मध्ये हे उघडं पडलं. एड ओबॅनन हा 1995 साली विजेत्या ठरलेल्या बास्केटबॉल संघातला खेळाडू. मित्राच्या घरी त्याने त्याच कंपनीच्या बास्केटबॉलच्या खेळात स्वतःला पाहिलं. डावखुरा, टक्कल, नंबर 31. आरशात दिसावा तसा, फक्त नावाशिवाय. त्याने दावा लावला. सॅम केलर नावाच्या फुटबॉलच्या क्वार्टरबॅकनेही लावला. 2014 मध्ये कंपनी आणि कॉलेजांचे परवाने सांभाळणारी संस्था मिळून 4 कोटी डॉलरवर तडजोड झाली. खेळ तोपर्यंत बंद पडला होता. 2021 मध्ये खेळाडूंना आपल्या नावावर कमावण्याची मुभा मिळाली, आणि 2024 च्या जुलैत हा नवा खेळ आला. प्रत्येकाला देऊ केले 600 डॉलर आणि खेळाची एक प्रत. 11 हजारांहून जास्त पोरांनी होकार दिला.

"600 डॉलर म्हणजे काहीच नाही रे," मी म्हटलं. लाख माणसं ज्याच्यासाठी ओरडतात त्याला हे, आणि बाकावर बसून पाणी पिणाऱ्यालाही हेच! हा हिशेब ऑडिटरला पटणार नाही.

रात्री बंड्या झोपल्यावर मी खेळाडूंची यादी उघडली. सवयीने आधी शेवटचं पान. तळाशी एक पोरगा होता. खऱ्या सामन्यात त्याचा नंबर बहुधा कधीच लागणार नाही. इथे मात्र उंची, वजन, गाव, आणि पुढे पूर्ण नाव! एवढी स्वच्छ नोंद आमच्या लेजरातही क्वचित सापडते. 600 डॉलर नायकाला कमी पडले असतील. ह्याला ते कोणत्या भावाने पडले, हे त्याच्या आईला विचारायला हवं.

मी त्याला मैदानात उतरवलं. लाख माणसं ओरडत होती, रेषा वळवळत होत्या. पहिल्याच खेपेला तिघांनी मिळून त्याला आडवा केला.

पण नावानिशी पडला.