भरड सुताचे शीड

तांबड्या समुद्राच्या इजिप्तकडच्या काठावर बेरेनिके नावाचे रोमनकालीन बंदर वाळूखाली गाडले गेले होते. स्टीव्हन साइडबॉथम आणि विलेके वेंड्रिख यांनी १९९४ पासून तेथे उत्खनन केले, तेव्हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या उकिरड्यातून इतर टाकाऊ जिनसांबरोबर जहाजांच्या शिडांच्या सुती चिंध्याही वर आल्या. संग्रहालयात सोन्याच्या नाण्यांशेजारी त्या मांडल्या, तर शंभरातले नव्वद प्रेक्षक न थांबता पुढे जातील. आपण मात्र थांबू. त्यांतली एक चिंधी मनाच्या तळहातावर घेऊ आणि सावकाश उजेडाकडे वळवू.

आधी सुताचा पीळ पाहू. कातणाऱ्याच्या हातातली चाती कोणत्या दिशेने फिरली, हे धागा दोन हजार वर्षांनंतरही लपवू शकत नाही. नाईलकाठचे हात पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी एस अक्षराच्या कण्यासारखा पीळ देत आले. या शिडाच्या सुताचा पीळ त्याच्या उलट, झेडच्या मधल्या तिरक्या रेघेसारखा आहे, आणि तो भारतीय कताईची खूण मानला जातो. जॉन पीटर वाइल्ड आणि फेलिसिटी वाइल्ड या वस्त्राभ्यासकांनी एवढ्याशा कलावरून हे कापड भारतातले असल्याचे ओळखले. कुठल्यातरी अंगणात बसून सूत काढणाऱ्या त्या बाईचे नाव, गाव, जात, भाषा सारे काळाने पुसून टाकले. तिच्या बोटांची सवय तेवढी उरली. सही करण्याची याहून सुंदर तऱ्हा कोणती असेल?

मग नजर जरा मागे घेऊन शिडाची बांधणी न्याहाळावी. कापडावर उभ्या-आडव्या पट्ट्या शिवून चौकटींची जाळी केलेली आहे, म्हणजे वाऱ्याचा ताण पट्ट्यांनी झेलावा आणि फाटलेच तर ते एका चौकटीपुरते फाटावे. पट्ट्यांवर लहान लहान कड्या टाचलेल्या असत. त्याच किनाऱ्यावर उत्तरेला असलेल्या मायोस होर्मोस बंदरात अशा लाकडी आणि शिंगाच्या कड्या पुष्कळ सापडल्या आहेत. शिडाच्या तळाशी बांधलेले दोर या कड्यांतून वर चढत, डोलकाठीवरच्या आडव्या काठीवरून वळून मागे खलाशांच्या हाताशी येत. दोर ओढला की शीड हवे तेवढे आवळले जाई, सैल सोडला की पुन्हा फुगे. ही सारी रचना भूमध्य समुद्रावरची, तिथल्या अळशीच्या धाग्याच्या (लिनन) शिडांवर मुरलेली. आणि तिच्यात भरलेले कापड आपल्याकडचे! एका समुद्राची रीत आणि दुसऱ्या भूमीचे सूत एकाच टाक्यात इतक्या सहजपणे नांदताना पाहिले, की या चिंधीतली खरी गोडी कळू लागते.

हा संगम कसा घडला असेल? त्याचे उत्तर वाऱ्यांच्या वेळापत्रकात आहे. भारताकडे येणारी जहाजे जुलैत इजिप्त सोडत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या पाठबळावर आपला किनारा गाठत, आणि परतीसाठी ईशान्येचा वारा सुरू होईपर्यंत त्यांना इथेच थांबावे लागे. ऊन, खार आणि पावसाळी वाऱ्याची झोड खाऊन शीड विरलेले, दोर झिजलेले. जुन्या शिडाच्या कड्या काढून नव्या कापडावर टाचाव्यात, धड उरलेला दोर पुन्हा ओवावा, आणि या भूमीवर जे मुबलक पिकते आणि विणले जाते त्यानेच जहाज पुन्हा सजवावे, असे घडले असेल हे सहज पटते. सक्तीच्या त्या मुक्कामाने परक्या जहाजाला इथले वस्त्र नेसवले.

आता आपण किनारा सोडून आत येऊ. धाराशिव जिल्ह्यात, तेरणेकाठच्या तेरला. संत गोरोबा काकांचे हे गाव समुद्रापासून इतके दूर, की भरती-ओहोटी हा इथे केवळ पुस्तकातला शब्द असावा. पण ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक वृत्तान्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर या फार मोठ्या नगराचा उल्लेख आहे, आणि जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ते तगर म्हणजे हेच तेर असे दाखवून दिले. तिथला माल धड वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई. त्या मालाच्या यादीत तलम मलमल आहेच. पण तिच्या आधी, आणि भरपूर प्रमाणात, येते ते साधे भरड कापड.

या भरड शब्दावर क्षणभर रेंगाळावे असे मला वाटते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाचे नाव निघाले, की पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आठवते, आणि तिचे लावण्य आहेच तसे. मलमलीचे कौतुकही जगाने पोटभर केले. भरड कापडाच्या वाट्याला मात्र यादीतली एक ओळ आली. बेरेनिकेची चिंधी तेरच्याच मागावर विणली गेली असे म्हणण्याचा मोह आपण आवरू, कारण रसिकतेलाही सत्याची चाड हवी. तरीही अशा जाड, राकट, निनावी विणीवाचून मलमलीचे गठ्ठे समुद्र ओलांडू शकले नसते, हे ध्यानात आले की यादीतली ती ओळ डोळ्यांपुढे वाऱ्याने भरून येते.

बेरेनिकेत सागही विपुल सापडला. नंतरच्या शतकांत उभ्या राहिलेल्या तिथल्या भिंतींत सागाच्या तुळया आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा मोडीत निघालेल्या जहाजांच्या असाव्यात, असे उत्खनकांना वाटते. आपल्याकडे जुना वाडा उतरवताना सागवानी तुळई आणि कोरीव चौकट जपून काढून ठेवतात, पुढच्या घरात त्यांना मानाची जागा देतात. त्यातलाच हा प्रकार. भारतीय अरण्यात वाढलेले झाड समुद्रावर जहाज झाले आणि वाळवंटात पुन्हा स्थिर होऊन छताचा भार पेलू लागले.

जुने जहाज पुन्हा पाण्यावर आणण्याचा प्रयत्न आपल्याच काळात झाला: अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रातले जहाज समोर ठेवून गोव्यात ‘कौंडिण्य’ बांधले गेले. काथ्याने शिवलेल्या फळ्यांचे आणि चौकोनी शिडांचे हे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले, आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. चित्रकाराने जहाजाचा घाट दाखवला. फळीशी फळी कशी जखडावी, वाऱ्याचा जोर दोरांत कसा वाटून द्यावा, हे आजच्या कारागिरांना नव्याने शोधावे लागले. चित्र रूप सांगते, चिंधी रीत सांगते. पाहणाऱ्याचे समाधान चित्राने होईल. पण ज्याला जुने जहाज पुन्हा पाण्यावर न्यायचे आहे, त्याने उकिरड्यावरच्या टाक्यांशीही तितकीच जवळीक करावी, कारण प्रवास कसा होत असे ते त्या टाक्यांनाच ठाऊक आहे.